दोरीच्या अलीकडे, दोरीच्या पलीकडे

मंडळी, शिबिराचा आजचा विषय ‘खेळाडूचं मन’ असा लिहिलाय, पण मी एकाच फिल्डरबद्दल बोलणार आहे. नाव सांगत नाही, त्याला ते आवडणार नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या गोल्फ क्लबवर, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर रणजीची मॅच होती. तिथं कसं, मोठ्या स्टेडियमसारखं जाळी-बिळीचं अंतर नाही, बाउंड्रीच्या दोरीच्या मागं बसलं की फिल्डरच्या बुटांचा आवाज येतो. मी आणि माझा मुलगा, तेव्हा सातवीत होता, फाइन लेगच्या, म्हणजे बॅट्समनच्या पाठीमागच्या कोपऱ्यातल्या फिल्डरच्या, मागं बसलेलो. लंचनंतर त्या फिल्डरकडून एक कॅच सुटला, सूर्य डोळ्यावर होता, पण सुटला तो सुटला. झालं, आमचे चिरंजीव सुरू. “ए भाऊ, हाताला तूप लावलंय का?” आजूबाजूचे हसले, मीही हसलो. मग दर बॉलला काहीतरी, आणि शेवटी “जा घरी, कांदे निवड!” आता नाशकात बसून कांद्यावरून कुणाला हिणवायचं म्हणजे, अरे, आपल्यातल्या निम्म्या घरांची चूल त्यावर पेटते. तरी मी गप्प. हे मला आजही लागतं.

तो फिल्डर ओव्हरभर वळलासुद्धा नाही. बॉलर धावत आला की हा पण चार पावलं आत चालत यायचा, बॉल झाला की खाली गवताकडे बघत परत जागेवर. ओव्हर संपली, मधली एक ओव्हर सोडून त्याच बाजूने स्पिनर आला तेव्हा हा परत तिथंच आला, तेवढ्यात दोरीपाशी पाणी प्यायला आला आणि पोराला म्हणाला, “कितवीला रे? खेळतोस का?”

पोरगं एकदम बारीक आवाजात, “हो. ओपनिंग.”

“मग सांग बरं, हा बॅट्समन स्वीप मारतोय तो कुठं जातोय? मी बरोबर उभा आहे का?”

पोराने बघितलं, दोन बॉल नीट बघितलं, आणि म्हणाला, अजून थोडं स्क्वेअरला, म्हणजे बॅट्समनच्या रेषेकडे, पाहिजे. फिल्डरने कॅप्टनकडे हात करून विचारलं, कॅप्टनने मान हलवली, तो पाच-सहा पावलं सरकला. पुढं तिकडे बॉल एकदाही आला नाही, हेही सांगितलं पाहिजे. पण टी होईपर्यंत माझा मुलगा प्रत्येक बॉल बघत होता, कुठं पडला, कुठं मारला, सगळं.

संध्याकाळी मी माफी मागायला गेलो. तो म्हणाला, “काका, ऐकू येतं सगळं, नाही असं नाही. पण कॅच सुटला हे त्याच्या आधी मला माहीत होतं. पुढचा बॉल टाकेपर्यंत मिळतो अर्धा मिनिट, तो त्याच्याशी भांडण्यात घालवला तर दुसरा कॅच पण जाईल.”

बघा, शांत राहणं म्हणजे स्वभाव थंड असणं नाही, ते फिल्डिंगचंच काम आहे, रोज घासायचं काम. आणि ते मोठ्या मोठ्यांना जमत नाही. 1997 ला टोरंटोला एक प्रेक्षक मेगाफोनवरून पाकिस्तानच्या इंझमामला ‘आलू’ म्हणून चिडवत होता, इंझमाम बॅट घेऊन प्रेक्षकांत शिरला, दोन मॅचची बंदी बसली. चिडवलं कुणी आणि बाहेर बसलं कोण!

पण सगळंच गिळायचं असं मी म्हणत नाहीये, पोरींनो पोरांनो हे नीट ऐका. जानेवारी 2021 ला सिडनीत आपला बॉलर सिराजला प्रेक्षकांतून वर्णावरून शिवीगाळ झाली, तो कॅप्टन रहाणेकडे गेला, रहाणे अंपायरकडे, खेळ थांबला, सहा जणांना बाहेर काढलं. सिराजने तक्रार केली ती पण शांतपणेच, आणि पुढच्याच टेस्टला ब्रिस्बेनला दुसऱ्या इनिंगमध्ये पाच विकेट काढल्या. कॅचवरून चिडवणं वेगळं, रंग-जात-गाव काढणं वेगळं. माझ्या मुलाचं कांद्याचं वाक्य या दुसऱ्या बाजूला झुकत होतं, म्हणून ते मला इतकं खुपतं.

आणि वानखेडेचं तर आठवत असेलच. 2024 च्या एप्रिलमध्ये आयपीएलला मुंबई इंडियन्सचा कॅप्टन हार्दिक पांड्याला त्याच्याच टीमच्या ग्राउंडवर इतकं हूटिंग झालं की टॉसला कॉमेंटेटर मांजरेकरांना लोकांना नीट वागा म्हणावं लागलं. जूनमध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध टी-ट्वेंटी वर्ल्ड कप फायनलची शेवटची ओव्हर त्याच्याच हातात, सोळा रन वाचवायचे, पहिल्याच बॉलला त्यांचा मिलर गेला, सात रननी जिंकलो. 4 जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्याच नावाचा गजर. मधल्या तीन महिन्यांत त्याने लोकांना एकही उलट उत्तर दिल्याचं मी तरी ऐकलं नाही.

त्या दिवशी घरी जाताना, सीबीएसच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा, मुलाने मागून विचारलं, “बाबा, मी बोललो तेव्हा तुम्ही का हसलात?” मला उत्तर आलं नाही.

तर उद्या सकाळी सहाला कॅचिंग आहे, त्यात एक नवीन करायचंय. पालकांनी दोरीच्या बाहेर उभं राहून मुलांना चिडवायचं, कॅचवरून, उंचीवरून नाही, घरावरून नाही. पोरांनी चार पावलं आत, बॉल झाला की गवताकडे बघत मागं. दहा ओव्हर. मग जागा बदलायच्या, पालक आत आणि पोरं बाहेर. पाण्याच्या बाटल्या घरूनच आणा.