उन्हातला डबा

श्रोतेहो, नमस्कार.

भुसावळचा पारा ४५ च्या वर गेला, की आपल्याकडे दुपारी रस्ते ओस पडतात. माणूस कुलरसमोर बसतो. उन्हात उभ्या रणगाड्यातल्या यंत्रांना ती सोय नाही, आणि त्यांच्या भरवशावर तर आत जवान बसलेले असतात.

मी फौजेत वायरलेस आणि रडार दुरुस्त करायचो. वाळवंटात दुपारी रणगाड्याच्या पोलादाला हात लावला की चटका बसायचा. आतली हवा बाहेरच्याहून तापलेली, त्यात यंत्रांची स्वतःची उष्णता वेगळी. पंख्याने बाहेरची हवा थेट सर्किटवर सोडावी, तर धूळ. म्हणून यंत्राचा डबा सीलबंद ठेवतात. चिपची उष्णता धातूच्या पट्टीतून ॲल्युमिनियमच्या भिंतीत उतरते आणि भिंतीच्या बाहेरच्या पात्यांवरून हवेत जाते.

एक सेट रोज दुपारी बंद पडायचा, रात्री बिनबोभाट चालायचा. आतली सर्किटची दोन कार्डं बदलली, गुण येईना. शेवटी बॅटरी धरून आत पाहिलं. कार्ड भिंतीशी दाबून धरणारी पाचर सैल होती. फट किती, तर कागद सरकेल एवढी! पण उष्णतेचा रस्ता तिथेच अडला होता. पाचर आवळली, सेट सुरू.

काही ठिकाणी हीट पाइप असतो. दोन्ही टोकं बंद असलेली तांब्याची नळी, आत थोडंसं पाणी. आतली हवा काढून घेतलेली असते, त्यामुळे ते कमी उष्णतेलाही उकळतं. गार टोकाला जाऊन वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं पाणी आतल्या अस्तरातून परत येतं. माठ रोज भरावा लागतो. इथे तेच पाणी वर्षानुवर्षं फिरतं.

विमानाचं काय? ११ किलोमीटर उंचीवर उणे ५६ अंश थंडी असते, पण हवेची घनता जमिनीवरच्या साधारण ३० टक्के. थंडी भरपूर, उष्णता वाहून न्यायला हवाच अपुरी. म्हणून रडारभोवती द्रव खेळवतात आणि बऱ्याच लढाऊ विमानांत उष्णता इंजिनकडे जाणाऱ्या इंधनात सोडतात. टाकी रिकामी होत आली, की उष्णता मुरवायची जागाही आटते.

इंजिन बंद असताना तपासणी करायची, तर बाजूला गार हवेची गाडी लागायची. तिची जाड नळी विमानाला जोडून झाल्यावर मी हाताने चाचपून पाहायचो. हवा गार लागली, की मगच रडारचा स्विच.