अस्तापोवो ते यास्नाया पोल्याना : टॉलस्टॉयचे शेवटचे दिवस

मित्रहो, टॉलस्टॉयच्या शेवटाची गोष्ट बहुतेक वेळा एकाच साच्यात सांगितली जाते. म्हातारा ऋषी, कजाग बायको आणि सर्वसंगपरित्याग. हा साचा मला मान्य नाही. का, ते आज सांगायचंय. तारखा मी तेव्हाच्या रशियन पंचांगाप्रमाणे देतो. आपल्या कॅलेंडरसाठी त्यांत 13 दिवस मिळवा.

28 ऑक्टोबर 1910. टॉलस्टॉय 82 वर्षांचा, यास्नाया पोल्याना या आपल्या जमीनदारीतल्या घरी. मध्यरात्र उलटून गेली होती. शेजारच्या खोलीत बायको, सोफिया, त्याचे कागद चाळते आहे, हे त्याला ऐकू आलं. ती काय शोधत होती? मृत्युपत्र. त्याच उन्हाळ्यात, 22 जुलैला, त्याने रानात जाऊन तिच्या नकळत मृत्युपत्रावर सही केली होती. सगळ्या लेखनाचे हक्क धाकट्या मुलीच्या, साशाच्या, नावावर. पुढचा कारभार शिष्य चेर्तकोवकडे. लेखनावर कुणाचीच मालकी राहू नये, सगळ्यांना ते मोकळं व्हावं, असा त्याचा हेतू. पण जिने 'युद्ध आणि शांती'ची हस्तलिखितं पुन्हा पुन्हा स्वतःच्या हाताने उतरून काढली, तेरा बाळंतपणं काढली, घर-शेती-प्रकाशन सांभाळलं, तिच्यापासून हे चोरून ठेवलं होतं. तिचा संशय खोटा नव्हता, एवढं तरी आपण मान्य करायला हवं.

त्या रात्री त्याने तिला पत्र लिहिलं. 48 वर्षांच्या संसाराबद्दल आभार मानले, मागे येऊ नकोस असं विनवलं आणि डॉक्टर मकोवित्स्कीला घेऊन तो अंधारात निघाला. आधी ऑप्तिनाचा मठ, मग शामोर्दिनो. तिथे त्याची बहीण मारिया जोगीण होती. मागोमाग साशा आली. आपला ठावठिकाणा कळणार या धास्तीने 31 तारखेला पहाटेच तो पुन्हा निघाला आणि दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीत बसला. वाटेत ताप भरला, थंडी वाजू लागली. रियाझान-उराल रेल्वेवरच्या अस्तापोवो स्टेशनात त्याला उतरवावं लागलं. तिथे धड हॉटेलही नव्हतं. स्टेशनमास्तर इव्हान ओझोलिन याने आपल्या राहत्या घरातली खोली दिली. निदान झालं न्यूमोनिया.

एकांत शोधायला निघालेल्या माणसाभोवती दोन दिवसांत जग गोळा झालं. बातमीदार, पोलीस, चेर्तकोव, सहा-सात डॉक्टर, फिल्म काढणारे. तारयंत्र रात्रंदिवस खडखडत होतं. 1901 मध्ये चर्चने त्याला बहिष्कृत केलं होतं. आता मरणाच्या दारात तरी तो परत यावा म्हणून ऑप्तिनाहून फादर वार्सोनोफी आले. त्यांना आत सोडलं नाही.

सोफियालाही नाही. ती 2 नोव्हेंबरला मुलांसह खास गाडीने पोहोचली आणि रुळावर उभ्या केलेल्या त्या डब्यातच राहिली. तिने येताना नवऱ्याची एक छोटी उशी आणली होती. उशी तेवढी आत पोहोचली. टॉलस्टॉयने उशी ओळखली, कुठून आली म्हणून विचारलं. डॉक्टरने सांगितलं, थोरल्या मुलीने, तात्यानाने आणली. मग तात्यानाला बोलावणं गेलं आणि तो तिला आईबद्दल विचारू लागला : कोण आहे तिच्याजवळ, ती काय करते? आई काही अंतरावर डब्यात होती, हे त्याला कुणी सांगितलं नाही. नंतर एकदा तो तात्यानाला म्हणाला की, सोन्यावर, म्हणजे सोफियावर, फार भार पडतोय, आपलं नियोजन चुकलं. खिडकीच्या काचेतून आत डोकावणाऱ्या सोफियाचं चित्रण आजही पाहायला मिळतं. मुलांनी तिला बाहेर ठेवलं ते त्याच्या प्रकृतीच्या काळजीने, हे खरं. तरीही मला ते क्रूर वाटतं. शुद्ध हरपल्यावर, शेवटच्या रात्री, तिला आत घेतलं. 7 नोव्हेंबरला सकाळी 6 वाजून 5 मिनिटांनी टॉलस्टॉय गेला.

पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मालमत्तेच्या मृत्युपत्राने घर फोडलं, पण दफनाबद्दलची इच्छा मात्र त्या भांडणाऱ्या सगळ्यांनी मिळून पाळली. 1895 च्या डायरीतच त्याने लिहून ठेवलं होतं : स्वस्तातली शवपेटी, फुलं नकोत, भाषणं नकोत, जमल्यास पाद्रीही नको. जागा पुढे सांगितली, यास्नाया पोल्यानातल्या जुन्या रानात, घळीच्या काठावर. लहानपणी थोरला भाऊ निकोलाय याने धाकट्यांना सांगितलं होतं की, सगळी माणसं सुखी कशी होतील याचं गुपित मी एका हिरव्या काठीवर लिहून त्या घळीपाशी पुरलंय. निकोलाय 1860 मध्ये क्षयाने गेला. टॉलस्टॉय ती काठी आयुष्यभर विसरला नाही.

9 तारखेला सकाळी त्याची शवपेटी घेऊन गाडी यास्नाया पोल्यानाजवळच्या झासेका स्टेशनात आली. मॉस्कोहून जादा गाड्या सोडायला सरकारने मनाई केली होती, तरी हजारो लोक जमले. मुलांनी आणि गावच्या शेतकऱ्यांनी पेटी खांद्यावर घेतली. पुढे शेतकऱ्यांचा फलक होता : लेव निकोलायेविच, तुमच्या चांगुलपणाची आठवण आम्हा पोरक्या शेतकऱ्यांत मरणार नाही. चर्चने प्रार्थनेला बंदी केलेली, म्हणून लोकांनी स्वतःच 'चिरंतन स्मृती' हे अंत्यविधीचं गीत गायलं. पेटी खाली उतरताना सगळे गुडघ्यांवर बसले, उभ्या राहिलेल्या पोलिसांनाही लोकांनी बसायला लावलं. एवढ्या मोठ्या माणसाचं पाद्रीविना असं जाहीर दफन रशियाला नवंच होतं. कबरीवर आजही ना क्रूस, ना दगड, ना नाव. गवताचा उंचवटा आहे.

आपल्याशी या दिवसांचा एक धागा आहे. घर सोडण्याच्या जेमतेम दोन महिने आधी, सप्टेंबरमध्ये, त्याने दक्षिण आफ्रिकेत गांधीजींना अहिंसेवर एक दीर्घ पत्र लिहिलं. जोहान्सबर्गजवळ गांधीजींचं 'टॉलस्टॉय फार्म' त्याच वर्षी सुरू झालं होतं. घरात धड शांतता नसलेल्या माणसाने ते पत्र लिहिलं, हे वाचताना ध्यानात ठेवावं. त्याने पत्राचं मोल कमी होत नाही, वाढतं.

सोफिया आणखी नऊ वर्षं जगली. 1919 मध्ये गेली तेव्हा तिला जवळच्या कोचाकी गावच्या दफनभूमीत, घराण्यातल्या इतरांबरोबर पुरलं. त्याच्या शेजारी नाही. तिच्या डायऱ्या छापून आल्या आहेत. टॉलस्टॉयवर प्रेम करणाऱ्यांनी त्या वाचाव्यात, शक्य तर त्याच्या शेवटच्या वर्षाच्या डायरीसोबत, तारीख तारखेशी लावून.