विलेमस्टाड: तरंगत्या पुलाचं शहर

(दृश्य: पुलाच्या फळ्यांवरून घाईनं पडणारी पावलं. घंटेचा आवाज.)

घंटा वाजली की माणसं पाय उचलतात. फाटक लागायच्या आत जे पलीकडे पोचले, ते सुटले. मधेच अडकलेले कठडा धरून उभे राहतात, कारण आता पूलच निघालाय.

हे कुरासाव बेट. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यासमोरचं, डच राज्यातलं स्वायत्त बेट. विलेमस्टाड ही त्याची राजधानी. सेंट ॲना या चिंचोळ्या खाडीनं शहराचे दोन भाग केलेत: पूर्वेला पुंडा, पश्चिमेला ओत्रोबांदा. मधे हा क्वीन एमा पूल, १८८८ सालचा. याला खांब नाहीत. ओळीनं जोडलेल्या तराफ्यांवर तो तरंगतो. एक टोक ओत्रोबांदाच्या काठाला बिजागरीनं धरलेलं. दुसऱ्या टोकाला, पुंडाच्या बाजूला, ही एवढीशी केबिन.

(दृश्य: केबिनमधला चालक. पंख्यानं घुसळलेलं पाणी.)

इथे डिझेल इंजिनं आहेत, पाण्याखाली पंखे. चालक इंजिन सुरू करतो आणि १६७ मीटरचा अख्खा पूल दारासारखा उघडत ओत्रोबांदाच्या काठाला जाऊन टेकतो. नारिंगी झेंडा असेल तर थोडाच वेळ थांबायचं. निळा लागला तर खोळंबा मोठा; मग सरळ फेरीबोट धरायची. तिला तिकीट नाही.

पुलाला मात्र पूर्वी टोल होता. तो उभारला लिओनार्ड बर्लिंग्टन स्मिथ या अमेरिकन व्यापाऱ्यानं. नियम असा: पायात बूट असतील त्यानं पैसे भरायचे, अनवाणी चालणाऱ्याला माफ. गरिबांसाठी केलेली सोय. गावात सांगतात ते असं, की गरीब माणूस उसने बूट घालून ऐटीत टोल भरायचा आणि पैसेवाला बूट काखेत मारून फुकट जायचा! खरंखोटं कोण बघायला गेलंय.

१९७४ साली उंचावरून क्वीन ज्युलियाना पूल झाला, मोटारी तिकडून जाऊ लागल्या. हा चालणाऱ्यांना राहिला.

(दृश्य: पुंडाचा धक्का. पिवळ्या, निळ्या, गुलाबी इमारती.)

पोस्टकार्डावर असते ती हीच रांग. कोपऱ्यावरच्या पेन्हा इमारतीच्या कपाळावर साल आहे, १७०८. छपरं ॲमस्टरडॅमची, ऊन कॅरिबियन. रंगांचं श्रेय १८१७ सालच्या एका हुकमाला देतात. पांढऱ्या भिंतींच्या लखलखाटानं डोकं दुखतं, म्हणून गव्हर्नर किकर्टनं पांढरा रंग बंद केला म्हणे. रंगाच्या धंद्यात त्याचेच पैसे होते, अशी कुजबुजही आहेच.

डच इथे आले १६३४ साली, स्पॅनिशांना हुसकावून. त्यांना मीठ हवं होतं आणि बंदर हवं होतं. खाडीतून आत शिरलं की स्खोटेखाटचं विस्तीर्ण, सुरक्षित पाणी लागतं. जमीन मात्र कोरडी, पीक बेताचं. मग व्यापार कशाचा? माणसांचा. डच वेस्ट इंडिया कंपनीनं आफ्रिकेतून आणलेली माणसं इथे उतरवली, विकली, स्पॅनिश वसाहतींकडे रवाना केली. या रंगीत भिंतींमागचा पैसा बघायचा, तर त्या जमाखर्चात बघावा लागतो.

(दृश्य: वाळूवर उमटणारी पावलं.)

मिकवे इस्राएल-इमॅन्युएल हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १७३२ सालचं. जमिनीवर वाळू. पोर्तुगालच्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या धाकात ज्यू लपून प्रार्थना करत, तेव्हा पायरव ऐकू जाऊ नये, त्याची ही आठवण, असं सांगतात. १५६० साली गोव्यात येऊन बसलं, तेच हे इन्क्विझिशन.

(दृश्य: ओत्रोबांदा. कुरा हुलांडा या गुलामगिरीच्या इतिहासाच्या संग्रहालयाचं अंगण. काही क्षण निवेदन नाही.)

१७ ऑगस्ट १७९५. क्निप मळ्यावरचे गुलाम कामावर गेले नाहीत. ‘तुला’ नावाचा गुलाम त्यांचा पुढारी. त्याचं म्हणणं रोखठोक होतं: फ्रेंचांनी आपले गुलाम सोडलेत, हॉलंड आता फ्रेंचांच्या ताब्यात आहे, मग आम्ही अजून गुलाम कसे? या प्रश्नाला कोणाकडे उत्तर नव्हतं, बंदुका होत्या. माणसं मळ्यामागून मळा सोडत त्याला येऊन मिळत गेली. ३ ऑक्टोबरला तुलाला हालहाल करून मारलं. गुलामगिरी संपली १८६३ साली. भरपाई मिळाली मालकांना, दर गुलामामागे २०० गिल्डर, म्हणजे डच चलनात.

(दृश्य: तेलशुद्धीकरण कारखान्याची धुराडी.)

विसाव्या शतकात शेल कंपनी आली, व्हेनेझुएलाचं तेल आलं, ३० मे १९६९ ला कामगारांचा संप चिघळून पुंडा पेटलं, आणि १९९७ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत शहराचं नाव लागलं.

(दृश्य: प्लासा बिएउ. मोठाली पातेली, वाफ, डाव.)

जेवायला मात्र प्लासा बिएउलाच या, पुंडाच्या जुन्या बाजारात. बकऱ्याचा रस्सा, घोरपडीसारख्या इग्वानाचं सूप, आणि फुंची, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. मळ्यावर राबणाऱ्यांचं हे जेवण. आता लांब बाकांवर ऑफिसातली माणसं आणि क्रूझवरचे पाहुणे मांडीला मांडी लावून बसतात. पण दुपारीच या. संध्याकाळी इथे चूल पेटत नाही.