जुन्या सिमेंटला नवा जोड

नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका लहानशा दवाखान्यात, सकाळी साडेदहाच्या सुमारास, निफाड तालुक्यातील द्राक्षबागायतदार काकू खुर्चीवर बसल्या आहेत. त्यांच्या वरच्या पुढच्या दाताचा कोपरा नऊ वर्षांपूर्वी कॉम्पोझिटने, म्हणजे आपण ज्याला दाताच्या रंगाचे सिमेंट म्हणतो त्याने, भरलेला होता आणि काल चिक्की खाताना त्याचा टवका उडाला. दात कोणी भरला हे त्यांना आठवते, पण कोणते मटेरियल वापरले याचा कागद त्यांच्यापाशी नाही. ‘‘मॅडम, जोडकाम नको, सगळं काढून नवीनच भरा,’’ असे त्या सांगतात.

डॉक्टर एक्स-रे पाहतात, टोकदार प्रोबने सिमेंटच्या कडा चाचपतात आणि मग बोलतात : ‘‘काकू, आत कीड नाही. उरलेलं सिमेंट घट्ट बसलंय. ते सगळं काढायला गेले, तर चांगला दातही कोरला जाईल.’’ यात अतिशयोक्ती नाही. कॉम्पोझिटचा रंग दातासारखाच असल्यामुळे कोरताना सिमेंट कोठे संपते आणि दात कोठे सुरू होतो हे नीट दिसत नाही. त्यामुळे प्रत्येक वेळी नव्याने भरताना खड्डा थोडा वाढतो, आणि असे तीन-चार वेळा झाले की दात मुळात किती उरला आहे, हाच प्रश्न उभा राहतो. सिमेंटखाली कीड पसरली असेल किंवा सगळे सिमेंटच हलत असेल, तर मात्र ते काढावेच लागते.

जुन्या कॉम्पोझिटला नवे कॉम्पोझिट चिकटवणे ऐकायला सोपे वाटते, कारण दोन्ही एकाच जातीचे पदार्थ आहेत. अडचण त्यांच्या वयातील फरकाची आहे. दात पहिल्यांदा भरताना डॉक्टर साधारण दोन-दोन मिलिमीटरचे थर देतात. प्रत्येक थर निळ्या प्रकाशाने कडक होतो, पण हवेतील ऑक्सिजनमुळे त्याचा अगदी वरचा पापुद्रा अर्धवट ओला राहतो. त्या पापुद्र्यातील जोडले न गेलेले रेणू पुढच्या थराला धरून ठेवतात. नऊ वर्षांच्या सिमेंटवर तो पापुद्रा नसतो. पॉलिश करतानाच तो निघून गेलेला असतो. आतील, नव्या थराला धरू शकणारे मोकळे बंधही कमी झालेले असतात आणि लाळेतील पाणी राळेत, म्हणजे कॉम्पोझिटमधील प्लास्टिकसारख्या भागात, मुरलेले असते. अशा गुळगुळीत पृष्ठभागावर नुसता बाँड, म्हणजे चिकटवणारा द्रव, लावून वर सिमेंट चढवले, तर ते फार दिवस टिकत नाही. ‘जोडकाम टिकत नाही’ या समजुतीमागे बहुतेक वेळा हीच घाई असते, असे आम्हाला वाटते.

चिकटवण्याआधी पृष्ठभाग तयार करण्याची कल्पना दंतवैद्यकात कारखान्यातून आली, ही गोष्ट नाशिकच्या सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्यांना जवळची वाटेल. पत्र्यावर रंग नीट बसावा म्हणून उद्योगांत फॉस्फोरिक आम्ल वापरतात, हे ठाऊक असलेल्या मायकेल बुओनोकोर या अमेरिकन दंतवैद्याने १९५५ साली ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल दाताच्या एनॅमलवर, म्हणजे बाहेरच्या कठीण आवरणावर, ३० सेकंद लावून पाहिले, आणि राळ त्यावर कितीतरी अधिक घट्ट बसते हे दाखवले. आज हे आम्ल ३५ ते ३७ टक्क्यांचे असते. एनॅमलमध्ये ते सूक्ष्म खळगे पाडते आणि राळ त्या खळग्यांत शिरून घट्ट होते. जुन्या कॉम्पोझिटवर मात्र आम्लाने असे खळगे पडत नाहीत. तेथे ते केवळ सफाई करते. म्हणूनच तेथे वेगळी तयारी करावी लागते.

आता ही तयारी जवळून पाहू. डॉक्टर सर्वांत आधी रंगाची छटा ठरवतात, कारण कोरडा पडलेला दात पांढुरका दिसू लागतो आणि मग छटा चुकते. त्यानंतर रबर डॅम, म्हणजे दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबराचा पडदा, बसतो. लाळेचा एक थेंबही पुढचे सगळे काम बिघडवू शकतो. हिऱ्याच्या बरने, म्हणजे कोरण्याच्या बारीक टोकाने, तुटलेली कडा खरबरीत केली जाते आणि भोवतीच्या एनॅमलला उतार दिला जातो. मग ५० मायक्रॉनच्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या कणांचा बारीक फवारा जुन्या सिमेंटवर मारला जातो. चकाकी जाऊन तेथे खडूसारखा निस्तेज पृष्ठभाग दिसू लागतो, आणि डॉक्टर त्याचीच वाट पाहत असतात. आम्लाची निळी जेल लावून ती भरपूर पाण्याने धुतली की एनॅमलही तसेच पांढुरके होते.

यानंतर सिलेन लावतात. कॉम्पोझिटमध्ये राळेसोबत काचेचे बारीक कण असतात आणि खरबरीत केल्यावर ते उघडे पडतात. सिलेनच्या रेणूचे एक टोक त्या काचेला धरते आणि दुसरे टोक नव्या राळेला. काही बाँडमध्ये सिलेन आधीच मिसळलेले असते, परंतु आम्लधर्मी द्रावणात ते फार काळ टिकत नाही, म्हणून या डॉक्टर वेगळी बाटली बाळगतात. सिलेन सुकायला त्या मिनिटभर थांबतात.

बाँडची बाटली फ्रिजमधून आधीच बाहेर काढून ठेवलेली आहे. त्यातील अल्कोहोल किंवा ॲसिटोन उडून जाते, म्हणून थेंब घेताच झाकण लावायचे, असे त्या सहायक मुलीला दर वेळी सांगतात. एप्रिल-मेच्या नाशिकच्या उन्हाळ्यात तर विशेष. बाँड वीस सेकंद चोळला जातो, त्यावर हलकी हवा मारली जाते, आणि पृष्ठभागावर लहर उठायची थांबली की निळा प्रकाश दिला जातो. मग थरावर थर देत कोपरा पूर्वीच्या आकाराला येतो.

पॉलिश झाल्यावर काकू आरशात पाहतात आणि जिभेच्या टोकाने जोड शोधत राहतात. त्यांना तो सापडत नाही. डॉक्टर दरम्यान केसपेपरवर तारीख, मटेरियलचे नाव, ए-३ ही छटा, फवारा आणि सिलेन वापरल्याची नोंद लिहितात, त्याचा फोटो काकूंच्या मोबाइलवर पाठवतात आणि म्हणतात, ‘‘हा जपून ठेवा. पुढे कधी टवका उडाला, तर त्या डॉक्टरांना आधी हा दाखवा.’’