बाउडिच: समुद्र मोजणारी तीन जहाजं

(दृश्य: निळ्या पाण्यावर संथ चाललेलं पांढरं जहाज)

हे जहाज अमेरिकी नौदलाचं आहे, पण लढाऊ नाही. लांबी सुमारे १०० मीटर. चालवणारे खलाशी नागरी सेवेतले, सोबत समुद्राची मोजमापं घेणारी शास्त्रज्ञ मंडळी. नाव ‘बाउडिच’. हेच नाव घेऊन समुद्र मोजायला निघालेलं हे तिसरं जहाज.

हे नाव ज्याचं, तो गणिती नथॅनियल बाउडिच अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम बंदराचा. जन्म १७७३. दहाव्या वर्षी शाळा सुटली, बाराव्या वर्षी जहाजांचं सामान विकणाऱ्या दुकानात कारकुनीला लागला. न्यूटन वाचता यावा म्हणून लॅटिन शिकला, तेही स्वतःचं स्वतः. पुढे व्यापारी जहाजांवर पाच सफरी केल्या, मनिला आणि सुमात्रापर्यंत.

भर समुद्रात जहाजाचं रेखांश काढायचं, तर रेखांश जिथून मोजतात त्या इंग्लंडमधल्या ग्रिनिचला त्या क्षणी किती वाजलेत ते कळायला हवं. नेमकं चालणारं सागरी घड्याळ तेव्हा फार महाग. मग चंद्र कामी यायचा. चंद्र ताऱ्यांमधून तासाला साधारण अर्धा अंश सरकतो. त्याचं एखाद्या ताऱ्यापासूनचं कोनीय अंतर मोजायचं, कोष्टकं उघडायची आणि लांबलचक गणित करून वेळ काढायची. या मापात एका कलेची, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाची, चूक झाली, तर रेखांश अर्ध्या अंशानं चुकतं. विषुववृत्तावर ही चूक तीस सागरी मैलांची. तेव्हा सगळे खलाशी वापरत त्या नौकानयनाच्या पुस्तकात बाउडिचनं ८००० हून अधिक चुका शोधल्या, असं सांगतात. शेवटी १८०२ मध्ये त्यानं नवं पुस्तकच काढलं. ते आजही सुधारून छापलं जातं आणि दर्यावर्दी त्याला नुसतं ‘बाउडिच’ म्हणतात. त्याच्या जहाजावर आचाऱ्यालासुद्धा चंद्राचं गणित येत होतं म्हणे.

खगोलशास्त्रज्ञ म्हणून त्याचं मोठं काम मात्र जमिनीवरचं. फ्रेंच गणिती लाप्लासच्या खगोलयांत्रिकीच्या (ग्रहताऱ्यांच्या गतीच्या गणिताच्या) ग्रंथाचे चार खंड त्यानं इंग्रजीत आणले, तळटीपांसकट. लाप्लास जिथं ‘हे उघडच आहे’ म्हणतो, तिथं आपले काही तास जाणार हे आपण ओळखून असतो, असं तो म्हणायचा.

(दृश्य: प्रशांत महासागरातलं प्रवाळ बेट, जुनं कृष्णधवल चित्रण)

१९४० मध्ये अमेरिकी नौदलानं ‘सांता इनेझ’ नावाचं प्रवासी जहाज घेतलं आणि त्याला बाउडिचचं नाव दिलं. काम, सागरी नकाशे तयार करण्याचं. नकाशा नसला तर काय होतं, ते दुसऱ्या महायुद्धात, नोव्हेंबर १९४३ मध्ये, तारावा बेटावरच्या अमेरिकी हल्ल्यात दिसलं. भरतीचा अंदाज चुकला, प्रवाळाच्या कडेवरून बोटी पुढं जाईनात, आणि सैनिकांना गोळीबारात शेकडो मीटर पाण्यातून चालत किनारा गाठावा लागला. पुढं मार्शल बेटांपासून ओकिनावापर्यंतच्या मोहिमांत सर्वेक्षण जहाजांचं मोल वाढलं ते यामुळे.

१९४६ मध्ये ‘बाउडिच’ बिकिनी बेटाच्या खाजणात पोहोचलं. तिथले १६७ रहिवासी त्याच मार्चमध्ये हलवले गेले होते. जहाजावर जीवशास्त्रज्ञ, भूशास्त्रज्ञ. त्यांनी मासे, शेवाळं, प्रवाळ, तळाची वाळू, सगळं तपासून नोंदवलं. इतकी बारकाईनं नोंद एरवी कुठल्या बेटाच्या नशिबी येत नाही. इथं ती झाली, कारण जुलैमध्ये तिथं चाचणी म्हणून दोन अणुबॉम्ब फोडायचे होते, आणि ‘आधी काय होतं’ हे कागदावर हवं होतं.

दुसरं ‘बाउडिच’ युद्धकाळातल्या मालवाहू जहाजातून घडवलं गेलं, १९५०च्या दशकाच्या अखेरीस. आता गिऱ्हाईक होत्या पोलारिस क्षेपणास्त्रं वाहणाऱ्या पाणबुड्या. पाण्याखालून क्षेपणास्त्र सोडताना पाणबुडीला स्वतःची जागा चुकवून चालत नाही. सुरुवातीची चूक थेट लक्ष्यापर्यंत जाते. त्यातून समुद्रतळाचे डोंगर गुरुत्वाकर्षणाची दिशा किंचित वाकवतात, तीही हिशेबात धरावी लागते. म्हणून हे जहाज वर्षानुवर्षं सरळ रेषेत येरझाऱ्या घालत तळाचा आकार, गुरुत्व आणि चुंबकत्व टिपत राहिलं. एकाच वेळी अनेक ध्वनिकिरण सोडून तळाचा रुंद पट्टा मोजणारं सोनार अशाच जहाजांवर आलं, आणि बराच काळ गुप्त राहिलं. सेलमच्या कारकुनाचा प्रश्न तोच होता, आपण नेमके कुठं आहोत? आता तो क्षेपणास्त्राच्या नेमासाठी विचारला जात होता.

तिसरं, आजचं पांढरं ‘बाउडिच’ १९९४ मध्ये पाण्यात उतरलं. मार्च २००१ मध्ये पीत समुद्रात चिनी युद्धनौकेनं त्याला अडवलं. वाद अनन्य आर्थिक क्षेत्राचा, म्हणजे किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या त्या पट्ट्याचा, जिथल्या साधनसंपत्तीवर किनाऱ्याच्या देशाचा हक्क असतो. चीन म्हणतो, तिथं आमच्या परवानगीशिवाय सर्वेक्षण नको. अमेरिका म्हणते, लष्करी सर्वेक्षणाला परवानगी लागतच नाही. गंमत अशी, की ज्या सागरी कायद्याच्या कराराचा दाखला दिला जातो, त्याला अमेरिकेनं स्वतः मंजुरी दिलेली नाही. या बाबतीत भारताची भूमिका चीनच्या जवळची आहे, हे आपल्याकडे सहसा कुणी बोलत नाही. त्याच सुमारास निकोबारजवळ दिसलेल्या याच ‘बाउडिच’वर भारतानंही आक्षेप घेतला होता. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकी विनाशिका लक्षद्वीपच्या पश्चिमेला विनापरवाना आली, तेव्हा दोन्ही देशांतला हाच मतभेद पुन्हा वर आला.

(दृश्य: पिवळा, पंख असलेला पाण्याखालचा ग्लायडर)

डिसेंबर २०१६ मध्ये फिलिपाइन्समधल्या सुबिक बेच्या वायव्येला सुमारे ५० सागरी मैलांवर ‘बाउडिच’ आपले दोन ग्लायडर उचलून घेत होतं. ग्लायडरला ढकलणारा फिरता पंखा नसतो. तो स्वतःची तरणशक्ती कमीजास्त करत खालीवर होतो, पंखांमुळे पुढं सरकतो आणि पाण्याचं तापमान, क्षारता मोजतो. या दोन आकड्यांवरून पाण्यात आवाज कसा जाईल ते कळतं, आणि आवाजावरूनच पाणबुडी सापडते. चिनी नौदलाच्या छोट्या होडीनं त्यातला एक ग्लायडर डोळ्यांदेखत उचलून नेला. ‘बाउडिच’नं रेडिओवरून तो परत मागितला. चिनी जहाज मात्र तो घेऊन निघून गेलं. पाच दिवसांनी, जिथून नेला त्याच्या जवळच, चीननं तो अमेरिकी विनाशिकेच्या हवाली केला.