फायरवॉल चालूच होईना

सुरुवात व्हायरसपासनं नाही झाली, बिलापासनं झाली. २०१२ चा ऑगस्ट, कराडला मामाकडं ब्रॉडबँडचं बिल आलं ते नेहमीच्या तिप्पट. तेव्हा प्लॅनला लिमिट असायचं, ठरलेले जीबी संपले की पुढं एमबीवर पैसे, आणि मामानं लगेच निकाल लावला की पोरगं रात्री जागून पिक्चर डाउनलोड करतंय. मामेभाऊ शपथा घालून दमला, कोण ऐकतंय. मामीनं रात्री दहानंतर मॉडेमची पिन काढून फ्रिजवर ठेवायला सुरुवात केली, आणि तरी पुढच्या बिलात आकडा काही खाली यायचं नाव घेईना.

(पडद्यावर: माळ्यावरनं उतरवलेला जुना सीपीयू, फडक्यानं धूळ पुसणारे हात)

हाच तो. विंडोज ७, ६४ बिट, दोन जीबी रॅम, पुढच्या बाजूला चिकटवलेला गणपतीचा स्टिकर अजून शाबूत. मामा घरीच डीटीपी करायचा, लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, आणि श्रावण लागला की मंडळांची पावतीपुस्तकं. त्या वर्षी अधिक भाद्रपद आलेला, गणपती थेट १९ सप्टेंबरला, म्हणजे हाताशी महिनाभर जास्त, पण मंडळवाले काय लवकर येणारेत होय, सगळे शेवटच्या आठवड्यातच येणार हे ठरलेलं. त्याच्या आत मशीन नीट व्हायला पाहिजे म्हणून मामाचा फोन, मी शनिवारी सकाळच्या एसटीनं पुण्याहून कराडला.

बसलो, बघितलं, तर वरवर सगळं ठीक. कुठं लाल फुली नाही, कसली वॉर्निंग नाही. आणि खरं तर तीच गोष्ट खटकायला पाहिजे होती. मी कंट्रोल पॅनलमधून फायरवॉल, म्हणजे नेटवरनं आत येणाऱ्याला अडवणारी विंडोजची राखण, उघडली तर ती बंद, चालू करायला गेलो तर एरर, ०एक्स८००७०४२४. हा आकडा मला अजून पाठ आहे. त्याचा अर्थ असा की ही सर्व्हिस, म्हणजे विंडोजमागं आपोआप चालणारा प्रोग्रॅम, या कॉम्प्युटरवर इन्स्टॉलच नाहीये. बंद पडलीय असं नाही, नाहीच आहे. मग सर्व्हिसेसची यादी उघडली आणि एकेक नाव बोटानं बघत खाली गेलो, विंडोज फायरवॉल नाही, विंडोज डिफेंडर नाही, तक्रार करणारं सिक्युरिटी सेंटर पण नाही, आणि या फायरवॉलच्या खालचा पाया, बेस फिल्टरिंग इंजिन, थोडक्यात बीएफई, तेही गायब. चोरानं कडी काढली नव्हती, चौकटीसकट दार उचलून नेलं होतं आणि जाताना राखणीचं कुत्रंही सोबत नेलं होतं.

मामा मागं उभा. "काय रे, व्हायरस हाय का?"
"हाय मामा. आणि पिक्चर पोरानं नाय डाउनलोड केले."
पोरानं पलीकडच्या खोलीतनं एवढंच म्हटलं, "मी काय सांगत होतो?"

या पाहुण्याचं नाव झिरोॲक्सेस. मायक्रोसॉफ्ट त्याला सिरेफेफ म्हणायचं. झिरोॲक्सेस हे नाव पडलं ते त्याच्याच ड्रायव्हरच्या आत बनवणाऱ्याच्या कॉम्प्युटरवरचा एक फाइलचा पत्ता राहून गेला होता त्यावरनं. पहिल्या अवतारात तर त्यानं एक सापळा लावलेला असायचा, एक खोटी प्रोसेस नुसती बसवून ठेवलेली, आणि जो कोणी तिला तपासायला हात लावेल तो अँटीव्हायरस तिथल्या तिथं मारायचा, वर त्याच्या फाइलच्या परमिशन अशा बिघडवायचा की तो परत उघडूच नये. २०१२ पर्यंत त्यानं ती पद्धत सोडली होती आणि ६४ बिट मशीनवर तो सरळ सर्व्हिसेस डॉट ईएक्सई या विंडोजच्याच फाइलमध्ये शिरायचा. ही फाइल उडवली तर विंडोजच चालू होत नाही, म्हणजे बघा कुठं जाऊन बसला.

फायरवॉलवर याचा राग का, तर याला कुणी एक मालक सर्व्हर नव्हता. लागण झालेले कॉम्प्युटर आपापसातच बोलायचे, त्यातल्या प्रत्येकाकडं दुसऱ्यांच्या पत्त्यांची यादी, आणि ती यादी ज्या फाइलमध्ये असायची तिचं नाव म्हणजे नुसतं ॲट द रेटचं चिन्ह, बाकी काही नाही. बाहेरनं कुणीतरी येऊन दार वाजवायचं आणि आतल्यानं उघडायचं, तर मधे फायरवॉल कशाला पाहिजे? त्यात मामाचं मॉडेम 'ब्रिज मोड'वर लावलेलं, नेट जोडणारा डायलर कॉम्प्युटरवर, म्हणजे इंटरनेट आणि मशीन यांच्यामधे राउटरची आडभिंत पण नाही. एकदा आत बसला की कामं दोन, एक म्हणजे कुणाला न दिसता जाहिरातींवर क्लिक करत राहायचं आणि दुसरं मशीनला राबवून बिटकॉइनचं मायनिंग करायचं. बिल कशानं आलं ते आता कळलं असेल. मामा बिचारा दिवसभर पावतीपुस्तकाची बॉर्डर लावत बसलेला आणि त्याच वेळी त्याचं मशीन जगातल्या कुठल्या कुठल्या जाहिराती बघत होतं.

आला कुठनं? मामानं आधी काही सांगितलं नाही, मग चहा झाल्यावर म्हणाला, ते एक फॉन्टचं सॉफ्टवेअर होतं, किल्ली मागत होतं, तर किल्ली बनवणारं एक छोटं सॉफ्टवेअर नेटवरनं घेतलं. अशाच कीजेनमधून आणि गेमच्या क्रॅकमधून हा सगळीकडं पसरत होता. मी काही बोललो नाही, माझ्या लॅपटॉपवरचं सगळं काय बिल देऊन घेतलेलं नव्हतं.

काढायला लागलो तर पहिला दिवस असाच गेला. मशीनवर जो अँटीव्हायरस होता तो दरवेळी सापडला म्हणायचा, काढला म्हणायचा, रीस्टार्ट मारला की पाहुणा परत सोफ्यावर. कारण उघड आहे, विंडोज चालू झालं की तोही चालू, तुम्ही ज्या फांदीवर बसलाय तिच्याच आत कीड. तेव्हा बाहेरनं बूट होणारी सीडी पाहिजे, विंडोज डिफेंडर ऑफलाइन, आणि ती चांगल्या मशीनवर बनवायची. स्टँडजवळच्या सायबरमध्ये जाऊन बनवली, येऊन लावली तर चालेना, ३२ बिटची उतरवली होती. परत सायबर. दुसरी सीडी लावली, स्कॅन अर्ध्यावर आला आणि लाइट गेली, लोडशेडिंग, आणि मामाचा यूपीएस जेमतेम पाच मिनिटं टिकणारा, त्याची पीं पीं ऐकत आम्ही सगळे त्या पांढऱ्या पट्टीकडं बघत बसलो. पट्टी राहिली तिथंच. रविवारी पहाटे चारला उठून पुन्हा लावली तेव्हा पुरी झाली. मग रिकव्हरीच्या काळ्या खिडकीतनं एसएफसी, म्हणजे विंडोजच्या बिघडलेल्या फाइली मूळच्या बसवणारी कमांड, चालवून सर्व्हिसेस डॉट ईएक्सई मूळची बसवली.

मामा म्हणाला, झालं? मला पण वाटलं झालं. सगळं क्लीन. आणि फायरवॉल उघडली तर तोच आकडा, ०एक्स८००७०४२४.

इथं बहुतेक लोक अडकतात आणि मला वाटतं हाच या गोष्टीतला खरा भाग. चोर पकडला म्हणून चोरलेलं दार परत येत नाही, अँटीव्हायरसचं काम चोर काढणं, दार बसवणं नाही. सर्व्हिस म्हणजे शेवटी रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीतल्या, नोंदी, त्याच त्यानं पुसल्या होत्या. माझ्या लॅपटॉपवर विंडोज ७ च होतं, तिथनं त्या नोंदी एक्सपोर्ट केल्या, पेनड्राइव्हनं इकडं आणून इम्पोर्ट केल्या, रीस्टार्ट. आता यादीत नावं दिसायला लागली, पण स्टार्ट दाबलं की एरर ५, ॲक्सेस डिनाइड. नोंद आली पण नोंदीवरचा हक्क आला नाही ना. मग रजिस्ट्रीत बीएफईच्या कीवर राइट क्लिक, परमिशन, ॲड, आणि त्या चौकोनात टाइप करायचं एनटी सर्व्हिस, उलटी तिरकी रेघ, बीएफई, आणि त्याला हक्क द्यायचा. त्या वेळी जो तो सांगायचा एव्हरीवनला फुल कंट्रोल देऊन टाक, काम होतं. होतं की, पण मग दार बसवून किल्ली पायपुसण्याखाली ठेवल्यासारखंच ते.

आधी बीएफई चालू झालं, मग फायरवॉल. पट्टी लाल होती ती हिरवी झाली. मामीनं विचारलं, "मग बिल माफ होईल का?" ते काही झालं नाही.

खरं सांगू का, आज मी हे काही करत बसलो नसतो, डेटा काढून सरळ फॉरमॅट मारला असता, कारण एवढ्या आत जो शिरला त्यानं अजून काय ठेवलंय हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. तेव्हा मामाच्या पंधरा वर्षांच्या फाइली त्याच डिस्कवर, बॅकअप शून्य, आणि गणपती दोन आठवड्यांवर. नेटबँकिंगचा पासवर्ड मात्र माझ्या लॅपटॉपवरनं लगेच बदलून घेतला.

पुढं ५ डिसेंबर २०१३ ला मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं की एफबीआय आणि युरोपोलला सोबत घेऊन झिरोॲक्सेसवर घाव घातलाय. त्यांच्या अंदाजानं जगभरात वीस लाखाच्या आसपास मशीन, आणि जाहिरातवाल्यांचं महिन्याला २७ लाख डॉलरचं नुकसान. नंतर झिरोॲक्सेस चालवणाऱ्यांनी आपल्या बॉटना, म्हणजे लागण झालेल्या मशीनना, एक अपडेट पाठवला, त्यात इंग्रजीत दोनच शब्द होते, व्हाइट फ्लॅग. पांढरं निशाण. पण कुठल्याच घरातली पुसलेली फायरवॉल त्या निशाणानं परत बसली नाही, ती ज्याची त्यानंच बसवायची होती. आणि २०१५ च्या जानेवारीत उरलेल्या मशीनवर क्लिकांचं काम पुन्हा सुरू झाल्याचं दिसलं.

(पडद्यावर: सीपीयू चालू होतो, पंख्याचा खरखर आवाज, सर्व्हिसेसची यादी)

शूटिंगसाठी हा परत लावला, नेटची वायर न जोडता. सुरू व्हायला सहा मिनिटं घेतली. विंडोज फायरवॉल, त्याच्यापुढं स्टार्टेड. डेस्कटॉपवर अजून एक फोल्डर आहे, नाव पावतीपुस्तक २०१२ फायनल, आणि त्याच्या शेजारी दुसरं, पावतीपुस्तक २०१२ फायनल नवीन.