बेटी जॅक्सनचं गाठोडं

नमस्कार मंडळी. आपल्याकडे कुलवृत्तांत छापतात ना, मूळ पुरुष अमुक, त्याला चार मुलगे, थोरला तमुक गावी गेला वगैरे, आणि बायकांची माहेरची नावंसुद्धा बऱ्याचदा धड नसतात. आज ज्या घराण्याची गोष्ट सांगणारे ते अमेरिकेतलं, स्कॉच-आयरिश. त्यातही मूळ पुरुष आहे पण तो बिचारा दोन वर्षांत गेला आणि पुढची सगळी गोष्ट त्याच्या बायकोची आहे.

स्कॉच-आयरिश म्हणजे कोण ते आधी पटकन सांगतो. 1609 च्या सुमारास इंग्लंडच्या राजानं आयर्लंडच्या उत्तरेला, अल्स्टरमध्ये, तिथल्या सरदारांच्या जमिनी काढून घेतल्या आणि स्कॉटलंडमधली माणसं आणून बसवली. ही मंडळी प्रेस्बिटेरियन, म्हणजे बिशप न मानणाऱ्या वेगळ्या प्रोटेस्टंट पंथाची, त्यामुळे राजाच्या चर्चच्या लेखी उपरीच. 1704 पासून तर सरकारी पद हवं असेल तर त्या चर्चचा प्रसाद घ्या अशी अट. त्यात जमीनदार खंड वाढवत नेणार, लिननचा धंदा मधेच बसणार, दुष्काळ पडणार, मग 1718 च्या आसपास जहाजं भरभरून लोक अमेरिकेला जायला लागले. किनाऱ्याजवळच्या चांगल्या जमिनी आधीच गेलेल्या, म्हणून हे आत आत सरकत गेले, जंगलाकडे, म्हणजे मूळ रहिवाशांच्या उंबऱ्यावर. ज्यांच्या पणजोबांना दुसऱ्याच्या जमिनीवर आणून बसवलं होतं ते आता परत दुसऱ्याच्याच जमिनीवर, हे डोक्यात असू द्या.

तर 1765 साली अँट्रिम परगण्यातल्या कॅरिकफर्गसहून अँड्र्यू जॅक्सन आणि त्याची बायको एलिझाबेथ निघाले. तिला सगळे बेटी म्हणायचे (हो, बेटीच, आपल्या कानाला गंमत वाटते). बरोबर दोन मुलगे, ह्यू दोनेक वर्षांचा आणि रॉबर्ट अगदी तान्हा. दोन्ही कॅरोलायनांच्या हद्दीवरच्या वॅक्सहॉ भागात तिच्या बहिणी आधीच येऊन राहिल्या होत्या, म्हणून तिकडेच गेले. वॅक्सहॉ हे नाव ज्या जमातीचं ती जमात तोवर तिथून नाहीशीच झाली होती, नाव तेवढं राहिलं. 200 एकराचा तुकडा, लाल माती, नुसतं झाडझाडोरा. दोन वर्षं झाडं तोडली, लाकडाचं खोपटं उभं केलं आणि 1767 च्या सुरुवातीला नवरा मेला. तिशीही गाठली नव्हती. त्याच्या मयताची एक आख्यायिका सांगतात, की शवपेटी घसरगाडीवर ठेवून लोक बर्फातून निघाले, वाटेत घराघरात थांबून घोट घोट घेत गेले, आणि चर्चपाशी पोचल्यावर बघतात तर पेटीच नाही, कुठेतरी घसरून पडलेली, मग परत मागे जाऊन शोधून आणली. खरंखोटं देव जाणे पण त्या माणसांचा स्वभाव बघता मला पटते.

बेटी पोटुशी होती. 15 मार्चला तिसरा मुलगा झाला, त्याचं नाव वडिलांचंच, अँड्र्यू. तो नक्की कुणाच्या घरात जन्मला यावर नॉर्थ आणि साउथ कॅरोलायना अजून भांडतात, कारण हद्दीच्या दोन्ही बाजूंना बेटीची एकेक बहीण राहायची. मग ती क्रॉफर्डांकडे, म्हणजे एका बहिणीच्या सासरी, राहायला गेली. ती बहीण आजारी, घरात आठ मुलं आणि तिची तीन, सगळा राबता हिच्या डोक्यावर. म्हणजे नात्यानं पाहुणी आणि कामानं मोलकरीण, विधवा बहिणीचं काय होतं ते आपल्याला काही सांगायला नको. रात्री मुलांना कॅरिकफर्गसच्या गोष्टी सांगायची, आजोबांनी काय सोसलं, तिकडचे सरदार गरिबांना कसे पिळायचे. धाकट्यानं पाद्री व्हावं अशी तिची फार इच्छा, पण तो मुलखाचा भांडकुदळ.

मग ब्रिटिशांविरुद्धचं अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध आलं. 1779 ला ह्यू स्टोनो फेरीच्या लढाईत गेला, गोळीनं नाही, उन्हानं आणि दमणुकीनं, वय 16. पुढच्या मे महिन्यात टार्ल्टन या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या घोडेस्वारांनी वॅक्सहॉजवळ शंभराहून जास्त माणसं कापली, जखमींना चर्चमध्ये आणून टाकलं, तिथे पेंढ्यावर निजवलेल्या माणसांची शुश्रूषा बेटीनं मुलांना बरोबर घेऊन केली. 1781 मध्ये रॉबर्ट आणि अँड्र्यू पकडले गेले. एका ब्रिटिश अधिकाऱ्यानं 14 वर्षांच्या अँड्र्यूला सांगितलं माझे बूट पूस, हा म्हणाला मी युद्धकैदी आहे, तसं वागवा, तर त्यानं तलवार उगारली, पोरानं डावा हात आडवा घातला म्हणून वाचला, हातावर आणि डोक्यावर वण कायमचे राहिले. कॅमडनच्या तुरुंगात दोघांना देवी आल्या. बेटी तिकडे गेली, कैद्यांच्या अदलाबदलीत मुलं सोडवून घेतली आणि दोन घोड्यांवरून घरी निघाली. एकावर ती, दुसऱ्यावर रॉबर्ट, त्याला बसताही येत नव्हतं, आणि अँड्र्यू अनवाणी, अंगात ताप, पावसातून चालत, चाळीसेक मैल. घरी पोचल्यावर दोन दिवसांत रॉबर्ट गेला.

धाकटा जरा हिंडायफिरायला लागल्यावर ती चार्ल्सटनला गेली, बंदरातल्या कैदी जहाजांवर क्रॉफर्डांची पोरं आजारी होती त्यांना बघायला. तिथेच जहाजावरच्या साथीनं ती गेली. मुलाला मिळालं तिच्या कपड्यांचं गाठोडं.

हा मुलगा, अँड्र्यू जॅक्सन, 1829 ला अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. लोक अभिमानानं सांगतात, गरीब निर्वासितांचं पोर, वगैरे. खरं आहे. पण त्यानंच 1830 चा कायदा करून चेरोकींसारख्या जमातींना त्यांच्या जमिनीवरून हुसकावलं, आणि स्वतःच्या मळ्यावर माणसं गुलाम ठेवली, त्यामुळे मला त्याच्यापेक्षा त्याच्या आईचंच जास्त वाटतं. आजोबांकडून कॅरिकफर्गसहून वारसा आला, तीनचारशे पौंड, तो त्यानं पंधरा-सोळाव्या वर्षी चार्ल्सटनमध्ये घोडे आणि जुगारात उडवला. तेच चार्ल्सटन, जिथे आईला पुरलं होतं. म्हातारपणाकडे झुकल्यावर त्यानं माणसं लावून तिची कबर शोधायला घेतली, पण खूणच नव्हती ठेवलेली कुणी.